खाण तिकडे, विद्या इकडे

सिकंदराबाद ज्या खडकावर उभे आहे त्यात कोळसा नाही, लोखंड नाही, सोनेही नाही. मौला अलीच्या डोंगरापासून छावणीच्या टेकड्यांपर्यंत सारा ग्रॅनाइट आहे, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. इमारतींना दगड पुरवण्यापलीकडे त्याने या शहराला खनिज असे काही दिले नाही. तरीही भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या संस्था याच शहराच्या आसपास जितक्या दाटीने वसल्या तितक्या देशात फार थोड्या ठिकाणी दिसतात. स्टेशनपासून पूर्वेला थोडे गेले की उस्मानिया विद्यापीठ लागते. त्याला लागून तारनाका आणि हबसीगुडा, आणि तिथे राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था. पश्चिमेला बेगमपेठेत अणुखनिज संचालनालयाचे मुख्यालय आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दक्षिण विभागीय कार्यालय आणि प्रशिक्षण संस्थाही हैदराबादेतच आहेत. ज्या कोळशाने या प्रदेशाचा औद्योगिक इतिहास घडवला तो मात्र येथून पूर्वेला आणि ईशान्येला दोनशे किलोमीटरहून अधिक दूर, येल्लंदू, कोत्तगुडेम, बेल्लमपल्ली, रामगुंडम या गोदावरी खोऱ्यातल्या पट्ट्यात आहे. खाण एकीकडे आणि खाणीची विद्या दुसरीकडे, ही मांडणी निसर्गाने केलेली नाही. ती दीडशे वर्षांत निर्णयानिर्णयाने घडत गेली, आणि तिची किंमत खाणपट्ट्यातल्या माणसांनी मोजली. कोत्तगुडेमला आज भूविज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ उभे राहिले आहे. त्याचे मोल समजून घ्यायचे तर आधी हा इतिहास पाहायला हवा. विदर्भातल्या आणि मराठवाड्यातल्या वाचकांना तर तो परका नाहीच, कारण हे खडक आणि निजामाची राजवट या दोन्ही गोष्टी बराच काळ आपल्याही वाट्याला आलेल्या आहेत.

या प्रदेशात भूविज्ञान आले ते फौजेबरोबर. विल्यम लॅम्ब्टन यांची त्रिकोणमितीय मोजणी हैदराबादेत पोचली तेव्हा तिच्यासोबत हेन्री वॉयसी नावाचे डॉक्टर होते. शल्यचिकित्सक आणि भूगर्भज्ञ अशी त्यांची दुहेरी नेमणूक होती. हैदराबादच्या भोवतालच्या खडकांचा नकाशा त्यांनी १८२० च्या सुमारास तयार केला आणि भारतीय भूविज्ञानाचे जनक म्हणून त्यांचे नाव पुढे घेतले गेले. मद्रास फौजेचे डॉक्टर जॉन माल्कमसन यांनी हैदराबाद ते नागपूर या वाटेवरच्या, निर्मलजवळच्या टेकड्यांतले शंखशिंपल्यांचे जीवाश्म नोंदवले. दख्खनच्या काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्यांचे अवशेष दडलेले आहेत, ही गोष्ट त्यामुळे जगापुढे आली. मद्रास फौजेतलेच कॅप्टन न्यूबोल्ड यांनी दक्षिण भारताच्या भूरचनेवर विस्ताराने लिहिले. १८५० मध्ये महाबळेश्वरला त्यांचा अंत झाला. या लोकांची चिकाटी आणि नजर नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांची टिपणे छापली गेली ती कलकत्त्याच्या आणि लंडनच्या नियतकालिकांत. ज्यांच्या गावांतून ती गोळा झाली त्यांच्यापर्यंत ती पोचावीत अशी व्यवस्थाच नव्हती.

त्या गावांतही ज्ञान नव्हते असे नाही. वॉयसी यांनीच कोनसमुद्रम येथील पोलादाच्या भट्ट्यांचे वर्णन करून ठेवले आहे. कोणती माती मुशीला घ्यायची, कोणत्या दोन जातींचे लोखंड एकत्र वितळवायचे, भट्टी किती वेळ फुंकायची आणि मूस किती सावकाश निवू द्यायची, हे तिथल्या कारागिरांना अचूक माहीत होते. ते पोलाद विकत घ्यायला इराणहून व्यापारी येत. त्याआधी सतराव्या शतकात ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने कृष्णेकाठच्या कोल्लूर येथे साठ हजार माणसे हिऱ्यांच्या खाणीत राबताना पाहिल्याचे लिहिले आहे. रायचूर भागातल्या हट्टी येथे सोन्यासाठी खोदलेली विवरे दोन हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. म्हणजे जमिनीखालचे वाचण्याची परंपरा इथे होती, पण ती हाताच्या कौशल्यात होती, कागदावर नव्हती. कारखान्यांत तयार झालेले स्वस्त पोलाद आले तशा भट्ट्या विझल्या आणि ते कौशल्यही विझले. नवी विद्या जी आली ती कागदावरची होती, इंग्रजीत होती आणि राजधानीत होती. जुने ज्ञान गेले आणि नवे पोचले नाही, या मधल्या पोकळीतच इथला आधुनिक खाणउद्योग सुरू झाला.

त्या उद्योगाच्या जन्माची कथा या पोकळीचा सर्वांत ठळक पुरावा आहे. कलकत्त्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांना १८७१ मध्ये येल्लंदूजवळ कोळशाचा थर सापडला. प्राणहिता-गोदावरी खोऱ्याच्या भूरचनेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८८१ मध्ये सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला. या दहा वर्षांत निजाम सरकारपाशी त्या माहितीचे मोल करू शकेल असा स्वतःचा एकही भूगर्भज्ञ नव्हता. १८८६ मध्ये लंडनमध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनी स्थापन झाली आणि संस्थानभरच्या खनिजांचे हक्क तिच्या हाती गेले. कंपनीला हे हक्क मिळवून देण्यात पुढाकार घेणारे निजामाचे अधिकारी अब्दुल हक यांच्यावर समभागांच्या व्यवहारात गैरप्रकाराचे आरोप झाले. प्रकरण इतके गाजले की १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या प्रवर समितीपुढे त्याची चौकशी झाली. हा इतिहास बहुधा लाचलुचपतीचा म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो आहेच. पण त्याच्या मुळाशी अज्ञानही तितकेच आहे. आपल्या जमिनीखाली काय आहे, किती आहे आणि त्याचा बाजारभाव काय, हे सांगणारा कोणी दरबारात नसेल तर प्रामाणिक दिवाणसुद्धा सौदा नीट करू शकत नाही. खनिजाची मालकी कागदावर निजामाकडे होती. त्याचे ज्ञान कलकत्त्यात होते आणि भांडवल लंडनमध्ये. या तिघांच्या व्यवहारात सर्वांत दुबळा ठरला तो मालक.

१८८९ मध्ये खाणीतून कोळसा निघू लागला तो मुख्यतः आगगाडीसाठी. वाडीहून सिकंदराबादला रेल्वे १८७४ मध्येच आली होती. निजामाच्या रेल्वेचा कारभार सिकंदराबादेतून चाले, आणि हा रूळमार्ग पुढे वरंगळ, डोर्नकलवरून बेझवाड्याकडे वाढला तेव्हा येल्लंदूच्या खाणींना त्याची शाखा जोडली गेली. तेव्हापासून खाणपट्ट्याचे आणि सिकंदराबादचे नाते ठरून गेले. तिकडून वाघिणी भरून कोळसा येई आणि इकडून हुकूम जात. २३ डिसेंबर १९२० रोजी सिंगरेणी कॉलियरीज ही कंपनी हैदराबादेत नोंदली गेली आणि तिने जुन्या कंपनीचा व्यवसाय ताब्यात घेतला. तरी तिच्या सचिवपदाचे आणि विक्रीचे काम मद्रासच्या बेस्ट आणि कंपनी या पेढीकडे होते. खाणकायदे आले तसे व्यवस्थापकाला पात्रतेचे प्रमाणपत्र लागू लागले. ते मिळवण्याची वाट इंग्रजी शिक्षणातून आणि बहुतेक वेळा इंग्लंड किंवा बंगालमधून जात होती. येल्लंदूच्या आसपासच्या तेलुगू, कोया किंवा गोंड कुटुंबातल्या मुलाला खाणीचे दार उघडे होते ते फक्त टोपली आणि सब्बल घेऊन आत जाण्यासाठी.

याच काळात हैदराबादेत विद्यापीठ उभे राहत होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानियाने उर्दूतून सर्व आधुनिक विद्या शिकवण्याचा धाडसी प्रयोग केला आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालवले. १९२९ मध्ये तिथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. संस्थानाचे स्वतःचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातेही कॅप्टन लिओनार्ड मन यांच्या हाताखाली आकाराला आले आणि त्याचे नियतकालिक निघू लागले. सी. व्ही. रामन यांचे शिष्य सी. महादेवन यांनी तिथे काम केले आणि पुढे वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात भूविज्ञानाची मोठी परंपरा उभी केली. एवढी सामग्री एकाच शहरात जमली असताना खाणकामाचे शिक्षण मात्र सुरू झाले नाही. या उणिवेचे कारण शोधताना संस्थानाच्या नोकरभरतीकडे पाहावे लागते. अभियांत्रिकी शिकलेल्या मुलांना घेणारे सर्वांत मोठे खाते सरकारी बांधकामाचे होते. निजामसागरासारखी धरणे, कालवे, रस्ते, इमारती यांच्यासाठी माणसे हवी होती. खाणींचा मालक मात्र सरकार नव्हते आणि व्यवस्थापक तर संस्थानाबाहेरचेच. ज्या धंद्यात आपल्या पदवीधरांना जागा नाही त्याचे शिक्षण विद्यापीठाने सुरू केले नाही, आणि शिक्षण नाही म्हणून त्या धंद्यात जागाही मिळाली नाही. हे वर्तुळ कोणी जाणूनबुजून आखले असेल असे नाही, पण ते मोडण्याची निकड कोणाला वाटली नाही हे खरे.

त्याच दशकात देशात दुसरीकडे वेगळा निर्णय झाला होता. हिंदुस्थानात खाणविद्येचे स्वतंत्र विद्यालय हवे अशी मागणी राष्ट्रीय सभेने १९०१ मध्ये केली होती. ते विद्यालय ९ डिसेंबर १९२६ रोजी निघाले. कलकत्त्यासारखे मोठे शहर सोडून ते झरियाच्या कोळसा क्षेत्रात, धनबादला निघाले. त्याला नमुना होता लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्सचा, पण जागेची निवड त्याहून जुन्या युरोपीय परंपरेला धरून होती. जर्मनीत सॅक्सनीच्या चांदीच्या खाणींमध्ये, फ्रायबर्ग येथे १७६५ मध्ये जी खाण अकादमी निघाली तीही राजधानी ड्रेस्डेन सोडून खाणीच्या तोंडाशीच उभी राहिली. त्या अकादमीतून खनिजशास्त्राच्या आधुनिक वर्गीकरणाचा पाया घातला गेला आणि अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टसारखा जगद्विख्यात शास्त्रज्ञ तिथे शिकला. म्हणून खाणीजवळची संस्था ही केवळ कारागीर घडवणारी दुय्यम शाळा असते, हा समज इतिहासाला धरून नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की विज्ञानाला शहर लागते. प्रयोगशाळा, ग्रंथालये, वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ आणि त्यांच्या भेटीगाठी हे सारे राजधानीतच शक्य होते, आणि सिकंदराबादच्या आसपासच्या संस्थांनी ते सिद्धही केले आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. १९४४ मध्ये हैदराबादेत सुरू झालेल्या औद्योगिक संशोधनाच्या प्रयोगशाळेने, म्हणजे पुढच्या तारनाक्याच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने, सिंगरेणीच्या कोळशापासून घरगुती धूररहित इंधन तयार करण्यावर महत्त्वाचे काम केले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेचे ऋण तर महाराष्ट्राने विसरू नये. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर धरणाचे पाणी आणि भूकंप यांचा संबंध उलगडण्याचे काम या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केले, आणि हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांचे या विषयावरचे पुस्तक जगभर आधार मानले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसराने सुमारे दहा हजार माणसे गमावली. जो प्रदेश स्थिर समजला जात होता तो का हादरला, हे शोधण्यासाठी याच संस्थेने किल्लारीच्या मातीत विंधनविवर घेतले. हे काम मोठ्या प्रयोगशाळेवाचून झाले नसते.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मात्र पटत नाही. कोयना आणि किल्लारीचे उत्तर सापडले ते शास्त्रज्ञ तिथे गेले म्हणून, तिथे यंत्रे बसवली म्हणून आणि वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या म्हणून. भूविज्ञानाची प्रयोगशाळा शेवटी जमिनीतच असते. आणि संशोधन व शिक्षण या दोन वेगळ्या गरजा आहेत. संशोधनाचे केंद्र राजधानीत असायला हरकत नाही, पण पदवीचे शिक्षण केवळ तिथेच असेल तर त्याचा लाभ कोणाला मिळतो हे उघड आहे. कोत्तगुडेम हैदराबादपासून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. खाणकामगाराच्या मुलाने शहरात चार वर्षे राहायचे म्हणजे खोलीभाडे आणि खाणावळीचा खर्च आला, इंग्रजी वातावरणाचे दडपण आले. मुलींच्या बाबतीत तर दार बहुतेक वेळा तिथेच बंद झाले. ज्या कोळशावर राज्याचे उत्पन्न आणि विजेचे कारखाने चालतात त्या कोळशावरच राहणाऱ्यांना त्याची विद्या इतकी महाग पडावी, हे न्यायाला धरून नाही.

१९४५ मध्ये निजाम सरकारने सिंगरेणीचे बहुसंख्य समभाग विकत घेतले आणि सरकारी मालकीची ती देशातली पहिली कोळसा कंपनी ठरली. १९५६ नंतर ती आंध्र प्रदेश सरकारकडे आली, पुढे केंद्राचाही वाटा तिच्यात आला. मालक आता सरकारच असल्यामुळे जुने वर्तुळ मोडायला हवे होते, तरी खाणविद्येचे महाविद्यालय कोत्तगुडेमला निघायला १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. उस्मानिया विद्यापीठाने सिंगरेणीच्या साहाय्याने ते सुरू केले आणि पुढे ते वरंगळच्या काकतीय विद्यापीठाकडे गेले. कोळसा सापडल्यापासून त्या पट्ट्यात खाणविद्येची पदवी मिळेपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली. तरीही त्या छोट्या महाविद्यालयाने जे साधले ते थोडके नव्हते. बोर्ड अँड पिलर पद्धतीत कोळशाचा खांब किती जाड सोडायचा, छताचा आवाज बदलला की काय समजायचे, हवेचा प्रवाह कुठे मंदावतो आणि वायू कुठे साठतो, गोदावरीची वाळू पाण्याबरोबर सोडून पोकळी कशी भरायची, हे पाठ्यपुस्तकात असतेच. पण ज्याला दुपारी त्याच छताखाली उभे राहता येते त्याला ते दुसऱ्या पातळीवर कळते.

हे केवळ शिक्षणपद्धतीचे बोलणे नाही. खाणीत अज्ञानाची किंमत माणसांच्या जिवाने चुकवावी लागते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरचे साठलेले पाणी एकाएकी आत शिरले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे मेली. १६ जून २००३ रोजी सिंगरेणीच्या गोदावरीखनी येथील खाणीत पाणी घुसून सतरा कामगार गेले. साठलेल्या पाण्याचा धोका खाणीत नेहमीचा आहे. जुन्या खोदकामाचे नकाशे अचूक ठेवणे, दोन खाणींमधली भिंत किती उरली आहे हे सतत मोजणे, पाण्याची पातळी नोंदवणे, यांवरच बचाव अवलंबून असतो. यंत्रे त्यात मदत करतात, पण नकाशावर शंका घेणारा आणि काम थांबवा म्हणण्याइतका शिकलेला माणूस खाणीतच असावा लागतो. जी जमीन आपल्या घराखालची आहे तिच्याबद्दल अशी शंका घेण्याचे बळ स्थानिक अभियंत्याला अधिक असते, कारण आत उतरणारे त्याचे स्वतःचे लोक असतात.

दुसरा आक्षेप खाणीतल्या अनुभवी लोकांचा आहे. ते म्हणतात, मायनिंग सरदार, ओव्हरमन, मग व्यवस्थापक अशी प्रमाणपत्रांची शिडी कायद्यानेच ठेवली आहे. हुशार कामगार तिच्यावरून चढू शकतो, मग विद्यापीठ कशाला? ही शिडी मोलाची आहे, तिच्यावरून चढलेल्या माणसांनी अनेक खाणी सुरक्षित ठेवल्या आहेत. पण ती दिलेल्या आराखड्यात काम नीट करायला शिकवते. आराखडाच चुकीचा आहे का, इथे उघडी खाण काढावी की भूमिगत, या गावाच्या विहिरी खाणीमुळे आटतील का, हे प्रश्न विचारायला वेगळी विद्या लागते. ती विद्या ज्या समाजात नसते त्या समाजाच्या वतीने दुसरे कोणीतरी ठरवते. १८८६ मध्ये निजामाच्या दरबाराचे जे झाले तेच जनसुनावणीत बसलेल्या ग्रामसभेचे आज होऊ शकते. समोर शेकडो पानांचा पर्यावरण अहवाल असतो आणि तो वाचून दाखवणारा आपला माणूस नसतो.

तिसरा आक्षेप याच्या नेमका उलट बाजूने येतो. खाणपट्ट्यातली संस्था कंपनीच्या सावलीत राहणार, तिच्या पैशावर चालणार आणि तिलाच सोयीचे शिकवणार, अशी भीती चळवळीतले लोक बोलून दाखवतात. ही भीती निराधार नाही. म्हणूनच ती संस्था कंपनीची प्रशिक्षणशाळा न राहता सार्वजनिक विद्यापीठ असणे महत्त्वाचे ठरते. विद्यापीठाला स्वतःचे अभ्यासमंडळ असते, संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क असतो आणि भूजल, वनस्पती, समाजशास्त्र यांचे प्राध्यापक खाणअभियंत्याच्या शेजारी बसवता येतात. हे स्वातंत्र्य कागदावर न राहता प्रत्यक्षात यावे यासाठी नेमणुका आणि निधी यांवर समाजाने लक्ष ठेवावे लागेल. पण सावलीची भीती म्हणून झाडच लावायचे नाही, हे उत्तर नव्हे.

चौथा आक्षेप आजच्या काळाचा आहे. कोळशाचे युग संपत आले, सूर्य आणि वारा यांवर वीज तयार होऊ लागली, आता खाणविद्येचे विद्यापीठ काढणे म्हणजे मावळत्या धंद्यात मुलांना ढकलणे, असे म्हटले जाते. तेलंगण सरकारने २०२५ मध्ये कोत्तगुडेमच्या महाविद्यालयाचे विद्यापीठ केले, त्याला डॉ. मनमोहनसिंग यांचे नाव दिले आणि भूविज्ञान हा त्याचा विषय ठरवला. या विषयातच आक्षेपाचे अर्धे उत्तर आहे. खाणकाम हा भूविज्ञानाचा एक भाग आहे. खाण बंद झाली तरी तिने निर्माण केलेले प्रश्न बंद होत नाहीत. पोकळ जमीन पुढे कित्येक वर्षे खचत राहते, सोडलेल्या विवरांत पाणी साठते, उघड्या खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर पावसात वाहून नाल्यांत येतात, औष्णिक केंद्रांची राख कुठे टाकायची हा प्रश्न उरतो. शंभर वर्षे खोदलेला पट्टा पुन्हा राहण्याजोगा करणे हे पुढच्या शंभर वर्षांचे काम आहे आणि त्याला खोदण्याइतकीच, किंबहुना अधिक विद्या लागेल. शिवाय सौर पाट्या, पवनचक्क्या, बॅटऱ्या आणि विजेच्या तारा यांना तांबे, निकेल, दुर्मीळ मृदा यांसारखी खनिजे लागतातच. कोळसा जाईल, खनिजांची गरज जाणार नाही.

या इतिहासाकडे महाराष्ट्राने आपला म्हणून पाहण्याचे कारण भूगोलातच आहे. प्राणहिता-गोदावरीचा कोळसा ज्या गोंडवाना थरांत आहे तेच थर वर्धेच्या खोऱ्यात चंद्रपूर, वणी, बल्लारपूर, राजुरा असे पसरले आहेत. राजुरा तालुका तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. गडचिरोलीतले सिरोंचा आणि जवळचे कोटा यांच्या खडकांत डायनासोरचे सांगाडे सापडले आहेत. त्या खोऱ्यातलाच कोटासॉरस आज हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. आणि विद्येची विभागणीही तशीच आहे. भारतीय खाण ब्यूरो, कोळशाची वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) आणि मँगनीजची मॉइल यांची मुख्यालये नागपुरात आहेत, पुष्कळ खाणी मात्र चंद्रपूर, यवतमाळ, भंडारा, बालाघाटच्या बाजूला. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू होऊन १९०६ मध्ये बंदही झाली. एवढा जुना खाणपट्टा असूनही तिथल्या मुलांना भूविज्ञानाची उच्च विद्या शिकण्यासाठी बहुधा नागपूर किंवा धनबादच गाठावे लागले. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजामुळे खाणशिक्षणाची पावले आता पडू लागली आहेत. ती जपून, पण ठामपणे पडायला हवीत.

२०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ या खडकांना ज्या प्रदेशावरून नाव मिळाले त्याच प्रदेशाचे नाव धारण करते. त्याच्याकडून अपेक्षा एकच आहे. खाणकंपन्यांना हवे तेवढे तंत्रज्ञ पुरवून त्याने थांबू नये. भूजल, जमिनीचे खचणे, बंद खाणींचे पुनरुज्जीवन आणि खनिजाचे अर्थशास्त्र हे सारे एका छताखाली मराठीतून आणि इंग्रजीतून शिकवावे, आणि गोंडी, माडिया बोलणाऱ्या मुलांना त्यात पहिला प्रवेश असावा. सरकारने जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी रस्त्यांवर आणि कमानींवर खर्च करण्याआधी यासाठी राखून ठेवावा. सिकंदराबाद आणि नागपूर येथील संस्थांनी आपले शास्त्रज्ञ, उपकरणे आणि संग्रह तिकडे न्यावेत, निदान वर्षातले काही महिने. ज्यांच्या पायाखाली खनिज आहे त्यांना ते वाचता येणे हा त्यांचा हक्क आहे. कोत्तगुडेमने तो शंभर वर्षांनी मिळवला, चंद्रपूर आणि गडचिरोलीला तितकी वाट पाहायला लावू नये.